काचेच्या पेटीतलं इंजिन

नाशिकहून कोल्हापूरला मी गेली बावीस वर्षं जातो आहे, पण जावई म्हणून. जावयाला गाव दिसत नाही, ताट दिसतं. या खेपेला मात्र आमच्या मुलीने, मुक्ताने, गाडी पुण्याच्या पुढे जायच्या आत जाहीर केलं की एक दिवस मोटारींच्या कारखान्यासाठी राखून ठेवायचा. ती अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. कोल्हापूरच्या बाहेर, महामार्गालगत असलेल्या त्या कारखान्याने नुकतंच स्वतःचं संग्रहालय उघडलं होतं आणि मुक्ताने फोनवरून चार तिकिटं काढूनही ठेवली होती.

"चार कशाला?" मी विचारलं.

"आबांचं चौथं."

माझी बायको सुनंदा पाण्याची बाटली तोंडाला लावून बसली होती. ती बाटली तिथेच थांबली. "आबा त्या कंपनीच्या फाटकासमोरून बससुद्धा धरत नाहीत," ती म्हणाली.

का, ते मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं होतं. मुक्ताला त्या दिवशी कळलं.

आबा म्हणजे माझे सासरे. तीसेक वर्षांपूर्वी ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. पॅटर्न म्हणजे लोखंडी वस्तूचा लाकडी नमुना. तो वाळूत दाबायचा, अलगद काढायचा आणि वाळूत राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. एका पॅटर्नवर शेकडो वस्तू निघतात. उद्यमनगराची ख्याती अशी, की कुठलंही यंत्र तिथे तासभर उघडं ठेवा, आठवड्याने त्याचा जुळा भाऊ शेजारच्या शेडमधून बाहेर येतो. अशा ठिकाणी पॅटर्न हरवला असं कुणी म्हणत नाही. विकला, असंच म्हणतात.

या मोटार कंपनीच्या पहिल्यावहिल्या इंजिनाचा ठोकळा त्या फाउंड्रीत ओतला जायचा होता. त्याचा पॅटर्न आबांनी केला. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला फाउंड्री चार दिवस बंद होती. आबा सासनकाठीबरोबर (देवाला नेतात ती उंच, सजवलेली काठी) डोंगरावर गेले होते. परत आले तर पॅटर्न ठेवायच्या खोलीला कुलूप होतं आणि पॅटर्न नव्हता. किल्ली आबांकडे असायची. मालक एक शब्द बोलले नाहीत. बाकी सगळे बोलले. आबांनी वीस दिवसांत दुसरा पॅटर्न करून दिला, किल्ल्या मालकांच्या टेबलावर ठेवल्या आणि शुक्रवार पेठेत दारं-खिडक्या करायचं दुकान टाकलं. त्यानंतर त्यांनी उद्यमनगरात पाऊल ठेवलेलं नाही. दळण दळायची गिरणी वाटेवर होती, तर तीही बदलली.

रात्री जेवताना मुक्ताने थेट विचारलं. सुनंदाने माझ्या पायावर पाय दिला, जणू प्रश्न मी विचारला होता.

आबांनी भाकरी मोडली. "येतो की."

"खरंच?"

"त्या इंजनाचं फुडं काय झालं ते एकदा बघायचं हाय. चोर तर चोर. पर काम माझं हाय."

सकाळी मिसळ खाऊन निघालो. कारखान्याच्या फाटकापाशी पहिला धक्का बसला. फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्ट्या लावून झाल्यावर सुरक्षारक्षकाने आबांच्या पायांकडे बोट दाखवलं. "पावणं, चपला चालत न्हाईत. बूट घालाय लागतील."

"कोल्लापुरात कोल्लापुरी चालत न्हाय?" आबा म्हणाले.

"मला काय सांगतासा? माझ्याबी घरात हायत्या."

त्यांना दोन मापं मोठे, पुढे लोखंडी टोपी असलेले बूट मिळाले. बाहेर भेटवस्तूंच्या दुकानात बोटभर लांबीच्या कोल्हापुरी चपलांच्या किल्ली-साखळ्या टांगल्या होत्या. म्हणजे चपलेला प्रवेश होता, फक्त पाय आत नको होता.

कारखान्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो खरोखर चांगला होता आणि चांगल्या गोष्टींवर मला फार लिहिता येत नाही. पिवळे यांत्रिक हात मोटारींच्या सांगाड्यांवर वाकत होते, ठिणग्या उडवत होते आणि पुन्हा सरळ होत होते. माणसं फारच थोडी होती. मुक्ताचं तोंड उघडं होतं. आबा बूट फरफटत शांतपणे चालत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"पोरी, वतकाम कुठं चालतं?"

आमची गाईड पंचविशीची मुलगी होती, तोंडाशी मायक्रोफोन लावलेली. ती छापील मराठीत बोलायची. "ओतकामाचे सुटे भाग आम्ही स्थानिक पुरवठादारांकडून घेतो, सर."

"म्हंजी उद्यमनगर."

"तिकडूनही, सर."

मग संग्रहालय. तिथे फोटोला परवानगी होती, म्हणून फोनवरच्या चिकटपट्ट्या निघाल्या. दारात संस्थापकांचा पुतळा आहे. ते हयातीत साडेपाच फुटांचे होते असं खालच्या पाटीवर लिहिलं आहे. पुतळा बारा फुटांचा आहे. पहिल्या दालनात त्यांचं पेन, त्यांची खुर्ची, त्यांचा जेवणाचा डबा. डब्यावर उजेडाचा झोत सोडला होता. मी आजवर बरीच संग्रहालयं पाहिली आहेत आणि माझं असं मत झालं आहे की मोठ्या माणसाच्या डब्यात काय असायचं हे कुठेही लिहिलेलं नसतं. इथेही नव्हतं.

शेवटचं दालन अंधारं होतं. आम्ही आत गेलो आणि ढोल वाजायला लागले. छतातून एक भारदस्त आवाज म्हणाला की इथे एका स्वप्नाचं हृदय प्रथम धडधडलं. पडदा बाजूला झाला. गोल चौथऱ्यावर काचेची पेटी, पेटीत राखाडी रंगाचं इंजिन. वर नळ्या, बाजूला पंखा, पुढे पट्ट्याची चाकं. पायथ्याशी ताजी फुलं आणि एक नारळ. भिंतीवरच्या जुन्या फोटोत कारखान्याच्या उद्घाटनाला आलेले कुणी मंत्री त्याच इंजिनाला हार घालत होते.

"हेच ते पहिले इंजिन," मुलगी म्हणाली. "याच इंजिनावर आपली पहिली गाडी धावली."

आबा काचेजवळ गेले. इतके जवळ, की काचेवर श्वासाची वाफ धरली. त्यांनी ती बाहीने पुसली. मग ते पेटीभोवती उलट्या बाजूने हळूहळू एक फेरी मारून आले. सुनंदा त्यांच्यामागे गेली. मला वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं असेल.

"सुनंदा," ते म्हणाले, "ह्ये लाकूड हाय."

"काय?"

"लाकूड. साग. ह्यो माझा पॅटर्न हाय."

ढोल नेमके तेव्हा थांबले, त्यामुळे हे वाक्य दालनातल्या सगळ्यांनी ऐकलं. आमच्याखेरीज तिथे एक नवविवाहित जोडपं होतं. नवऱ्याने घाईघाईने फोन खाली घेतला, जणू त्याने नको ते टिपलं होतं.

"सर, हे ओतीव लोखंड आहे," मुलगी हसून म्हणाली. हसू तिला शिकवलेलं होतं, ते टिकलं.

आबांनी काचेवर बोट टेकवलं. "हितं बघ. ह्या कोपऱ्यात काय सुटलंय?"

आम्ही सगळे वाकलो. ठोकळ्याच्या आतल्या एका कोपऱ्यातून रंगाचा पापुद्रा उचलला होता आणि त्याखालून एक बारीक पट्टी कुरळी होऊन बाहेर आली होती. तपकिरी. मी डोळे बारीक केले. ती पट्टी चामड्याची होती.

"लाकडाच्या कोपऱ्याला गोलाई द्यायला आमी आतनं चामड्याची पट्टी चिकटवतो," आबा म्हणाले. "चप्पल शिवणाऱ्याकडनं आणायचो मी. इंजनात चामडं असतंय व्हय कुठं? वर हितलं हवा गार करायचं यंत्र दिवसभर चालतंय, लाकूड सुकलं, सरस सुटला. आन् ही चीर बघ. लोखंड फुटलं तर वाकडंतिकडं फुटतंय. ही सरळ रेषेनं गेलीया. लाकडाच्या रेषेनं."

मुलीने वाकून पाहिलं. मग तिची छापील मराठी एका क्षणात गळून पडली. "अगं बाई! आजोबा, आवो काय बोलताय ह्ये तुमी!"

"पाटीवर लांबी किती लिवलीया?"

मुक्ताने वाचून दाखवली, अगदी मिलिमीटरपर्यंत दिली होती. आबांनी मान हलवली. "लोखंड निवलं की आकसतंय. म्हणून लाकूड शंभराला एक या हिशेबानं मोठं करायचं. आमच्या मोजपट्टीवरच इंच मोठा असतोय. ही लांबी लाकडाची हाय. खरा ठोकळा ह्येच्यापेक्षा ल्हान."

संग्रहालयात प्रत्येक वस्तू खऱ्यापेक्षा जरा मोठी करून मांडतात, हा माझा जुना संशय. तो कधी मिलिमीटरमध्ये सिद्ध होईल असं मला वाटलं नव्हतं.

पण विनोद सुचण्याची ती वेळ नव्हती. सुनंदाने आबांचा दंड धरला होता. तीस वर्षं ज्या लाकडासाठी तिच्या वडिलांना चोर म्हटलं गेलं, ते फुलं वाहून पुजलं जात होतं.

दहा मिनिटांत आम्ही संग्रहालयाच्या व्यवस्थापकांच्या खोलीत होतो. ते गळ्यातली टाय सैल करत, तीच पुन्हा घट्ट करत होते. चहा आला. किल्ली-साखळ्यांची खोकी आली. त्यांनी जुनं नोंदपुस्तक मागवलं, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. कारखान्याच्या उद्घाटनाच्या वेळी फाउंड्रीकडून सप्रेम भेट, असं तिथे लिहिलं होतं. खाली मालकांची सही.

"गडबडीत चुकून लाकडी वस्तू पाठवली गेली असेल," व्यवस्थापक म्हणाले. "असं होतं."

"ठोकळा उचलायला चार गडी लागत्यात," आबा म्हणाले. "ह्ये एकट्यानं उचललं असंल. तवाच कळाय पायजे हुतं."

"बरोबर आहे. पण हे बाहेर जाऊ नये अशी विनंती आहे. आम्ही पाटीवर 'प्रतिकृती' असा शब्द घालू."

आबा पहिल्यांदा चिडले. "प्रतिकृती कशाची? लाकूड पयलं, लोखंड मागनं. ह्ये मूळ हाय. तुमच्या गाड्यांत बसवल्या त्या प्रतिकृती."

व्यवस्थापकांनी हे वाक्य लिहून घेतलं. मला वाटतं, ते पुढे कुठल्यातरी माहितीपत्रकात येईल.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, घरी?

"कसबा बावड्याला घ्या, पावणं," आबा म्हणाले. जावयाला ते अजून पावणंच म्हणतात. "मालक तिकडं असत्यात."

"कशाला आबा?" सुनंदा म्हणाली. "आता कळलं ना. पुरावा आहे, फोटो आहेत."

"तुला कळलं, मला कळलं. मी तर कधीच चोर नव्हतो."

कसबा बावड्यात ऊसतोडीचा हंगाम होता. रस्ताभर उसाच्या गाड्या आणि हवेत मळीचा (साखर काढल्यावर उरणारा दाट, काळपट रस) आंबूस-गोड वास. मालकांचा बंगला नव्या घरांच्या ओळीत, शेताला पाठ करून उभा होता. नव्वदीकडे झुकलेले मालक ओसरीत आरामखुर्चीत बसले होते. ऐकायला कमी, पण नजर साफ. आबांना पाहून त्यांनी काठी जमिनीवर टेकवली आणि उठायचा प्रयत्न केला.

"दत्तोबा! आरं, कवा आलास? बस की. गूळ घालून च्या करा रं!"

आबा बसले नाहीत. त्यांनी मुक्ताकडून फोन घेतला आणि मालकांच्या पुढे धरला. काचेतलं इंजिन.

मालकांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. "झकास ठेवलंय," ते म्हणाले.

"ह्येच्या बाजूला शेंड्या हुत्या." मग आबा आमच्याकडे वळून म्हणाले, "पॅटर्नला बाहेर काढलेली टोकं असत्यात, वाळूत आतली पोकळी धरून ठेवायला. ती इंजनाला नसत्यात." ते पुन्हा मालकांकडे वळले. "कुणीतरी करवतीनं कापल्यात. वाकड्या कापल्यात."

"मी काय सुतार हाय व्हय?" मालक म्हणाले.

म्हणाले आणि आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. सुनंदाने तोंडावर हात ठेवला. मी आयुष्यात बरेच कबुलीजबाब वाचले आहेत. इतका छोटा आणि इतका रागावलेला कबुलीजबाब मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मग मालकांनी सांगितलं. यात्रेच्या तोंडावर पहिला ठोकळा तासताना तडकला. दुसरा ओतायला माणसं नव्हती, सगळी जोतिबावर. आणि कंपनीचा निरोप आला की कारखान्याच्या उद्घाटनाला मंत्री येणार, इंजिन पाहिजे. मालकांकडे खोलीची दुसरी किल्ली होती. त्यांनी स्वतः टोकं कापली, खरे नळ-पंखे स्क्रूने बसवले, रंग दिला आणि जीपमध्ये घालून पोचवलं. चार दिवसांनी परत आणायचं होतं. पण मंत्र्यांनी हार घातला, फोटो निघाले, आणि कंपनीने ते काचेत ठेवलं; मग मालकांनीही ते भेट म्हणून लिहून दिलं. इंजिन लाकडाचं आहे म्हटलं असतं तर कंपनीची अब्रू गेली असती आणि फाउंड्रीचं काम त्याच दिवशी बंद पडलं असतं.

"तुझं नाव मी कवाच घेतलं न्हाय, दत्तोबा."

"व्हय. तुमी गप बसलासा."

"पाचपन्नास घरं हुती त्या कामावर."

"त्यातलं एक माझं हुतं."

गुळाचा चहा आला. कुणी घेतला नाही. मला वाटलं, आता रडारड होईल, खांद्यावर हात पडतील आणि आपण घरी जाऊ. माझा अंदाज पुस्तकी होता.

"उठा, मालक," आबा म्हणाले. "उद्यमनगरात जाऊ. पाळी सुटायची वेळ झालीया."

"तिथं आता कोण वळकीचं उरलंय?"

"एक असंल तरी बास. जिथं गप बसलासा, तिथं बोलायचं."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मी शहाणा माणूस असल्याच्या आशेने. मी गाडीचं दार उघडून धरलं. बावीस वर्षांत मी सासऱ्यांसाठी केलेली ही पहिली उपयोगाची गोष्ट असावी.

उद्यमनगरात संध्याकाळी लोखंडाच्या चुऱ्याचा आणि तळणीचा वास एकत्र येतो. चौकातल्या चहाच्या गाड्याभोवती तेलकट कपड्यांतली वीस-पंचवीस माणसं उभी होती. त्यांतली बहुतेक तिशीच्या आतली. आबा गाडीतून उतरले. रस्त्याच्या कडेला क्षणभर थांबले, एक पाऊल टाकलं, मग दुसरं. मी मालकांना धरून आणलं. बाकड्यावर बसलेला पांढऱ्या मिशांचा एक गृहस्थ मालकांना पाहून उठून उभा राहिला. मग त्याने आबांना पाहिलं आणि तो पुन्हा बसला.

मालकांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. त्यांना ऐकू कमी येत असल्यामुळे ते फार मोठ्याने बोलले.

"ऐका रं! ह्यो दत्तोबा. ह्येनं पॅटर्न न्हेला न्हवता. मी न्हेला. मी गप बसलो."

एक ट्रक गेला. पांढऱ्या मिशांच्या गृहस्थाने कप खाली ठेवला. "म्हंजी आमी उगंच..." तो म्हणाला. तो आबांकडे बघत राहिला, नंतर जमिनीकडे.

बाकीचे एकमेकांची तोंडं बघत होते. शेवटी लेथवर काम करणारा एक तरुण टर्नर कप हातात धरून म्हणाला, "कुठला पॅटर्न ओ, काका?"

ज्या बोलण्याला घाबरून एका माणसाने तीस वर्षं गिरणीसुद्धा बदलली, ते बोलणं इथे एकाखेरीज कुणाला ठाऊकच नव्हतं. सुनंदाने डोळे मिटून घेतले. मी आबांकडे पाहायला धजेना.

आबांनी बाकड्याचं एक टोक ओढलं आणि मालकांना त्यावर बसवलं.

"ह्यांस्नी म्हाईत न्हाय, मालक. पयल्यापासनं सांगा."

मालकांनी पहिल्यापासून सांगितलं. तीन कप चहा लागला. ते अडले तिथे आबा शब्द पुरवत होते, शेंड्यांच्या जागी आले तेव्हा टर्नर पोरांनी "आयला!" म्हणून टाळ्या पिटल्या, आणि पांढऱ्या मिशांच्या गृहस्थाने सगळ्यांचा चहा आपल्या नावावर सांगितला.

दोन दिवसांनी आम्ही नाशिकला निघालो. आदल्या संध्याकाळी व्यवस्थापकांचा मुक्ताला फोन आला होता: तज्ज्ञांची समिती नेमली आहे, तोवर काचेवर पडदा टाकला आहे. समिती काय म्हणेल ते मला ठाऊक नाही. समित्यांना लाकूड आणि लोखंड यांतला फरक कळायला वेळ लागतो. परतीच्या प्रवासात मला चैन पडत नव्हतं. खोट्या वस्तूपेक्षा मला मालकांच्या गप्प बसण्याने जास्त हादरवलं होतं. एक सज्जन माणूस, गुळाचा चहा पाजणारा, आणि ते गप्प बसणं त्याला इतकी वर्षं पेललं. मी स्वतः कुठे कुठे गप्प बसलो आहे, याची यादी कऱ्हाडपर्यंत पुरली.

निघताना आबा घरी नव्हते. सकाळी दळण घेऊन बाहेर पडले, एवढंच सासूबाई म्हणाल्या. गाडी उद्यमनगरावरून नेली. चौकात, चहाच्या गाड्याशेजारच्या बाकड्यावर ते रस्त्याकडे पाठ करून बसले होते. पायांशी पिठाचा डबा. समोर चार-पाच पोरं. आबा दोन्ही हात हवेत फाकवून कशाची तरी लांबी दाखवत होते, आणि मग हात किंचित जवळ आणून, निवल्यावर ती किती होते ते.

"हॉर्न देऊ?" मी विचारलं.

"नको," सुनंदा म्हणाली. "बोलू दे त्यांना."